शाळेतील दांडगाई व कायद्याचा अंमल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत छापून येतात, आणि ते सर्वथा योग्यच आहे. यंदा मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हांस ‘शिक्षणाविषयी काही बोला’ अशी आज्ञा केली, तेव्हा बक्षिसे मिळविणाऱ्या मुलांऐवजी जी मुले शाळेत जावयास भितात त्यांच्याविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. आमचा अधिकार तो काय! जुन्या अकरावीची मॅट्रिक, तिच्यावर अध्यापनाची पदविका, आणि खडूच्या धुळीत काढलेली अडतीस वर्षे. कायद्याचे आम्ही पंडित नव्हे. तथापि सेवेतून मोकळे झाल्यावर वाचावयास सवड मिळाली, आणि जे कायदे नोकरीत असताना केवळ परिपत्रकांतून कानांवर येत ते मुळातून वाचून वर्गात पाहिलेल्या गोष्टींशी ताडून पाहता आले. त्या वाचनाचे सार आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचा प्रश्न. इंग्रजीत ज्यास ‘बुलिंग’ म्हणतात त्यास मराठीत नेमका शब्द सांगा म्हटले तर चारचौघे चार शब्द सांगतील. थट्टा, मस्करी, चेष्टा, कुचेष्टा, टवाळी, हेटाळणी, खोडी, दांडगाई, छळ! भांडार मोठे आहे, परंतु त्यांतील पहिले सहा-सात शब्द ऐकताच मोठ्यांच्या मुद्रेवर स्मित उमटते, आणि तेथेच घात होतो. मूल घरी येऊन सांगते, ‘मला चिडवतात.’ आई म्हणते, ‘अरे, मुलेच ती, चिडवायचीच!’ वडील म्हणतात, ‘मार खाऊन घरी येऊ नकोस, मारून ये.’ आणि मुख्याध्यापक म्हणतात, ‘मुलांच्या खोड्या, दोन दिवसांत मिटतील.’ तिघांचेही शब्द वेगळे, पण मुलास मिळणारे उत्तर एकच.

नॉर्वेमध्ये डॅन ओल्वेउस या नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ते २०२० साली निवर्तले. या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यांनीच आरंभिला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. खोडी कोणती आणि छळ कोणता हे ओळखण्याच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या. कृत्य जाणूनबुजून केलेले असावे, ते पुनःपुन्हा घडत असावे, आणि ज्याच्यावर घडते त्यास प्रतिकार करता येत नसावा. ही तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची होय. दोन तुल्यबळ मुलांची मारामारी ही मारामारीच. तीत शिक्षकाने दोघांना दूर केले की झाले. परंतु पाच जण मिळून एकास रोज दप्तरे वाहावयास लावतात, तेव्हा ‘तुम्ही आपसांत मिटवा’ असे सांगणे म्हणजे कोकराला लांडग्याशी बोलणी करावयास पाठविणे होय.

एक उदाहरण सांगतो. तालुक्याच्या गावी आम्ही नोकरीस असताना सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांचे शिवणकामाचे दुकान. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखे. वर्गातील काही दांडगट मुलांनी त्याचे नाव ‘सुई’ पाडले. पुढे पुढे त्याचे खरे नाव वर्ग विसरलाच. डब्यातील चटणी-भाकरी परस्पर फस्त होई, आणि मधल्या सुट्टीत त्याने इतरांच्या बाटल्या भरून आणाव्या असा जणू दंडकच पडला. मुलाने कोणासही काही सांगितले नाही. त्याची कहाणी सांगितली ती हजेरीपटाने! वर्गशिक्षिका बाई मोठ्या चौकस. महिनाअखेरीस बेरजा करताना त्यांच्या ध्यानी आले की हा मुलगा बहुतेक गुरुवारी गैरहजर असतो आणि दर वेळी चिठ्ठीत कारण पोटदुखीचे असते. गुरुवारी काय असते? त्या दिवशी शेवटचे दोन तास कवायतीचे, आणि कवायतीचे शिक्षक त्या वर्षी बदलून गेल्यामुळे मैदानावर मुलांकडे पाहावयास कोणी नसे. बाईंनी मुलाला एकट्याला बोलावून विचारले, आणि मग सारे बाहेर आले.

पुढे काय झाले? मुख्याध्यापकांनी प्रथम ‘खोड्या’ म्हणूनच बोळवण केली. बाईंनी हट्ट धरून तीन गोष्टी करून घेतल्या. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी एका शिक्षकाची पाळी लावली, गुरुवारच्या तासांना माणूस दिला, आणि त्या पाच मुलांच्या पालकांना एकेकटे बोलावून प्रत्येकासमोर घडलेली हकीकत तारीखवार वाचून दाखविली. सर्वांना एकदम बोलाविले असते तर पालकांनी एकमेकांची बाजू घेतली असती, हे त्यांनी ओळखले होते. दिवाळीनंतर मुलाच्या गुरुवारच्या हजेऱ्या नियमित झाल्या. या प्रकरणात कायद्याचे नावही कोणी घेतले नाही. मग कायदा हवा कशास, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर असे की प्रत्येक वर्गास अशी बाई लाभत नाही. जेथे ती नसते तेथे कायद्याने तिचे काम करावे अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा कितपत पुरी होते हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत अनेक राज्यांच्या आधी पाऊल उचलले ही अभिमानाची गोष्ट होय. तमिळनाडूत १९९६ साली एका वैद्यकीय विद्यार्थ्याची वसतिगृहात हत्या झाली आणि १९९७ साली तेथे रॅगिंगविरोधी कायदा झाला. पाठोपाठ १९९९ साली ‘महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम’ आला. हा अधिनियम लहानसा, अवघ्या चार-पाच पानांचा आहे. त्यातील रॅगिंगची व्याख्या मात्र आपण समजतो त्याहून कितीतरी विस्तृत आहे. ज्या वर्तनाने विद्यार्थ्यास शारीरिक वा मानसिक इजा पोचते, भीती वा लाज वाटते, ते सारे तीत येते. चिडविणे, शिवीगाळ करणे, धमकावणे, तसेच तो विद्यार्थी आपखुशीने जे करणार नाही ते त्याला करावयास लावणे, हेही तीत आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. न्यायालयाने दोषी ठरविलेल्या विद्यार्थ्यास संस्थेतून काढून टाकावयाचे व पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश द्यावयाचा नाही.

या अधिनियमातील सर्वांत तीक्ष्ण कलम मात्र विद्यार्थ्यासाठी नाही. ते संस्थाप्रमुखासाठी आहे. विद्यार्थ्याने, पालकाने वा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केलीच पाहिजे. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठविलीच पाहिजे. आणि तथ्य न आढळल्यास तसे तक्रारदारास लेखी कळविले पाहिजे. यात जो प्रमुख हयगय करील त्याने गुन्ह्यास साहाय्य केले असे समजून त्यालाही तीच शिक्षा! हे कलम आम्ही प्रथम वाचले तेव्हा क्षणभर चष्मा काढून पुसला. अडतीस वर्षांच्या नोकरीत शिक्षकांच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गात हे कलम कोणी मोठ्याने वाचून दाखविल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मग हा कायदा शाळेच्या फाटकाशी का अडखळतो? एक कारण नावाचे आहे. ‘रॅगिंग’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे वैद्यकीय वा अभियांत्रिकी महाविद्यालय येते. सर्वोच्च न्यायालयाचा २००१ सालचा निर्णय, नंतरची राघवन समिती, २००९ साली हिमाचल प्रदेशात एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा अंत झाल्यावर त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेले नियम, सारा भर उच्च शिक्षणावर राहिला. २०१९ साली मुंबईत एका तरुण डॉक्टर महिलेच्या मृत्यूनंतर महाराष्ट्राचा हा अधिनियम पुन्हा वृत्तपत्रांत झळकला, तोही वैद्यकीय शिक्षणाच्याच संदर्भात. व्याख्येत शिक्षण देणारी कोणतीही संस्था येते, परंतु सातवीतील ‘सुई’साठी तो उघडून पाहावा असे कोणास सुचत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. शाळेत छळणारा आणि छळला जाणारा, दोघेही बालकच असतात. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य आपल्या फौजदारी कायद्यात गुन्हा ठरत नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलाचा विचार २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार बालन्याय मंडळापुढे व्हावयाचा असतो. दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा अपराध त्या अधिनियमात किरकोळ गणला जातो. मंडळ बहुधा समज देईल, समुपदेशनास पाठवील, समाजसेवेचे काही काम सांगेल. आणि तेच इष्ट आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तेरा वर्षांच्या पोरास तुरुंग दाखवून कोणाचे भले झाले आहे? पण मग १९९९ च्या अधिनियमातील कारावासाची तलवार शाळेपुरती म्यानातच राहते हेही मान्य केले पाहिजे. तीच गोष्ट शाळेतून काढून टाकण्याची. २००९ चा शिक्षणहक्क अधिनियम सांगतो की प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही बालकास शाळेतून काढता येणार नाही. एक अधिनियम काढून टाका म्हणतो, दुसरा काढू नका म्हणतो, आणि मधल्या मध्ये मुख्याध्यापक दोन्ही कागद कपाटात ठेवून देतो.

शिक्षणहक्क अधिनियमाचे सतरावे कलम बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांपासून संरक्षण देते. त्याचा उल्लेख करताना काही जुने सहकारी उसासा टाकतात, ‘छडी गेली आणि मुले माजली!’ छडी गेल्याचे आम्हांस दुःख नाही. छडीच्या धाकाने दांडगाई कमी होती असे म्हणणाऱ्यांनी त्या काळी मधल्या सुट्टीत मैदानाच्या मागील बाजूस फेरी मारलेली नसावी. बळकटाने दुर्बळावर हात उचलणे हीच शिस्त, हा धडा वर्गात मिळे आणि मुले त्याचा सराव बाहेर करीत. परंतु त्या कलमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याचा भंग करणाऱ्यावर सेवाशर्तींप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. म्हणजे त्याचा रोख शिक्षकावर व कर्मचाऱ्यावर आहे. मुलाने मुलाच्या केलेल्या छळाविषयी ते स्पष्टपणे काही सांगत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ साली आपल्या शाळांना छळविरोधी समित्या नेमण्याच्या सूचना दिल्या आहेत, पण आपली बहुसंख्य मुले राज्य मंडळाच्या शाळांत आहेत. तेथे तक्रारपेटी असते. ती कोण उघडतो, कधी उघडतो आणि उघडल्यावर काय करतो, हे पालकसभेत विचारून पाहावे अशी आमची विनंती आहे. कित्येक ठिकाणी पेटीचे कुलूप गंजलेले आढळेल.

आता परदेशाकडे दृष्टी टाकू, कारण शाळेसाठीच म्हणून केलेले कायदे तिकडे आहेत. जपानचे उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटते. २०११ च्या ऑक्टोबरात ओत्सु नावाच्या शहरात तेरा वर्षांच्या एका मुलाने जीव दिला. वर्गातील मुले त्याचा छळ करीत होती. त्याच्या मृत्यूनंतर शाळेने मुलांकडून लिहून घेतलेल्या उत्तरांत तसे उल्लेख होते, तरी शाळेने व स्थानिक शिक्षण मंडळाने चौकशी लवकरच गुंडाळली. पुढे हे उघडकीस आले, पोलिसांनी शाळेची झडती घेतली, देशभर संताप उसळला, आणि २०१३ साली जपानी संसदेने छळ-प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यात छळाची कसोटी सोसणाऱ्याच्या मनावर ठेवली आहे. ज्याला वेदना झाली त्याला ती झाली की नाही हे तोच सांगणार. प्रत्येक शाळेने आपले धोरण लिहून काढावयाचे, कायमची समिती नेमावयाची, आणि जिवास धोका पोचला वा मूल दीर्घकाळ शाळेस मुकले तर ती ‘गंभीर घटना’ समजून स्वतंत्र चौकशी करावयाची व वर कळवावयाचे. मुलांनी छळ करू नये असे त्यात म्हटले आहे, पण त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. शाळेसाठीही नाही.

परिणाम काय झाला? २०१३ साली जपानी शाळांनी छळाच्या सुमारे १ लाख ८६ हजार घटना नोंदविल्या. २०२३ साली तो आकडा ७ लाख ३२ हजारांवर गेला! वरवर पाहणारा म्हणेल, कायदा सपशेल फसला. परंतु पूर्वी जे दडपले जाई ते नोंदवहीत येऊ लागले, हा त्याचा मोठा अर्थ होय. तेथील शिक्षण मंत्रालयही अधिक नोंदी म्हणजे अधिक जागरूक शाळा असेच मानत आले आहे. आपल्याकडे मात्र वार्षिक अहवालात ‘तक्रारी : निरंक’ असे लिहिले की शाळेची पाठ थोपटली जाते. हजार मुलांच्या शाळेत वर्षभरात एकही तक्रार नाही, याचा अर्थ आमच्या अनुभवाने इतकाच की सांगण्याची सोय नाही. असे असले तरी जपानचे कौतुक आंधळेपणाने करता येत नाही. २०२३ साली त्या ‘गंभीर घटना’ही १३०० वर गेल्या. नोंद वेळेवर झाली तरी पुढील हालचाल उशिरा झाली तर मूल वाचत नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. १९९९ साली जॉर्जिया राज्याने पहिला केला आणि २०१५ साली मोंटाना राज्याने केला तेव्हा पन्नासही राज्ये पुरी झाली. इतके निरनिराळे कायदे असल्यामुळे तुलना करावयास उत्तम संधी मिळाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ राज्यांतील सुमारे ६३ हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासली गेली. ज्या राज्यांच्या कायद्यांत केंद्रीय शिक्षण खात्याने सुचविलेल्या कलमांपैकी निदान एक तरी होते, तेथे छळ सोसावा लागण्याची शक्यता २४ टक्क्यांनी कमी आढळली. शक्यता कमी दिसली म्हणजे ती कायद्यानेच कमी झाली असे सिद्ध होत नाही, एवढा सावधपणा ठेवून आम्ही हे सांगत आहोत. पण खरी मौज पुढे आहे. कोणती कलमे उपयोगी ठरली? हा कायदा कोठे लागू आहे हे स्पष्ट सांगणारे, कोणते वर्तन निषिद्ध आहे याचे वर्णन करणारे, आणि प्रत्येक विभागाने आपल्या शाळांसाठी स्वतःचे नियम केलेच पाहिजेत असे बंधन घालणारे. कायदा उपयोगी पडतो तो मुलास घाबरवून नव्हे, तर मोठ्यांस कामाला लावून, असा निष्कर्ष यातून काढला तर चूक होऊ नये.

नॉर्वेचा अनुभवही याच दिशेचा आहे. १९८२ साली तेथे तीन मुलांनी जीव दिल्यावर दुसऱ्या वर्षी देशव्यापी मोहीम निघाली, आणि मघाशी उल्लेखिलेल्या ओल्वेउस यांनी बर्गेन शहरातील ४२ शाळांतील सुमारे अडीच हजार मुलांमध्ये आपली योजना राबवून पाहिली. छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. योजनेत होते काय? मुलांना नाव न लिहिता उत्तरे देता येतील अशी प्रश्नावली, वर्गाने मिळून केलेले नियम, पालकांशी गंभीर बोलणे, आणि सुट्टीच्या वेळी मैदानावर शिक्षकांची उपस्थिती. आमच्या बाईंनी नळापाशी लावलेली पाळी आठवली की हसू येते. ओल्वेउस यांचे नावही त्यांच्या कानी गेले नव्हते! त्या देशाने २०१७ साली कायदा अधिक कडक केला. तक्रार येताच शाळेने हालचाल करावयाची आणि जास्तीत जास्त पाच कामकाजाच्या दिवसांत काय करणार याचा लेखी आराखडा करावयाचा, आणि शाळेने टाळाटाळ केल्यास पालकाने थेट प्रांताधिकाऱ्याकडे दाद मागावयाची. आमच्या १९९९ च्या अधिनियमातील सात दिवस आणि त्यांचे पाच दिवस यांत अंतर फारसे नाही. अंतर आहे ते पुढे: सात दिवस उलटल्यावर पालकाने पोलिसांखेरीज कोणाकडे जावे याची जवळची वाट आपल्या अधिनियमात दाखविलेली नाही. आणि ज्या वर्गात मुलास अजून तीन वर्षे बसावयाचे आहे त्या वर्गाविरुद्ध पोलीस ठाण्यात जाण्यास पालक का कचरतो हे सांगावयास नको.

येथवर आम्ही कायद्याविषयी बोललो. आता घरातील गोष्ट बोलावी लागेल, आणि ती काहींस कडू लागेल. ‘सुई’, ‘कात्री’, ‘टाकेवाला’ ही नावे आपल्यापैकी कित्येकांनी ऐकली आहेत. आपल्या मुलांस व्यवसायावरून हिणविले जाते तेव्हा आपणांस यातना होतात. परंतु आपली मुले केवळ सोसणारीच आहेत अशी समजूत करून घेऊ नये. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येणाऱ्या मुलाच्या डब्याकडे पाहून नाक मुरडणारी, त्याच्या आडनावाचा विनोद करणारी मुले आपल्याही घरांत आहेत. ती हे कोठे शिकतात? जेवताना आपण जे बोलतो ते ताटाशेजारी बसलेले मूल ऐकत असते. अनुसूचित जाति-जमातींच्या व्यक्तीस जातीवरून अपमानित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखाली गंभीर अपराध आहे, हे आपल्या पालकांनी ध्यानात ठेवावे. पण केवळ अपराध आहे म्हणून नव्हे, तर ‘सुई’ या हाकेची टोच ज्यांनी अनुभवली त्यांच्या मुलांनी दुसऱ्यास टोचू नये म्हणूनही.

भ्रमणध्वनीविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्या यंत्रातील खुब्या नातवंडांनाच आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. पूर्वी शाळा सुटली की छळही सुटे. आता तो खिशातून घरी येतो व रात्री उशाशी असतो. वर्गाच्या गटातून एखाद्यास वगळणे, त्याचे चित्र विद्रूप करून फिरविणे, हे प्रकार सर्रास होतात. अशा वेळी मुलाच्या हातून भ्रमणध्वनी काढून घेणे हा पालकांचा पहिला उपाय असतो आणि म्हणूनच मूल सांगत नाही. आधी मजकुराचे छायाचित्र जपून ठेवावे. तोच पुढे पुरावा होतो. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो मुलांस पाठ असावा.

शेवटी आपल्या वसतिगृहाकडे वळतो. १९९९ च्या अधिनियमातील ‘शैक्षणिक संस्था’ या शब्दात वसतिगृहेही येतात. आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहात नव्या मुलांची ‘ओळखपरेड’, ज्येष्ठांचे कपडे धुण्याची पाळी, रात्री पाणी आणावयास पाठविणे या गोष्टी ‘चालत आलेली रीत’ म्हणून सांगितल्या जातात, आणि काही माजी विद्यार्थी तर त्या अभिमानाने सांगतात! अधिनियमाची व्याख्या मघाशी आपण ऐकली. तिच्यात यांतील बहुतेक गोष्टी बसतात, आणि लेखी तक्रार येऊनही ज्याने काही केले नाही असा प्रमुख कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याचा साहाय्यक ठरतो. हे आम्ही कोणास भय दाखविण्यासाठी बोलत नाही. देणगीदारांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत खेड्यावरून आलेले आपलेच पोर रात्री अंथरुणात तोंड खुपसून रडत असेल, तर दर्शनी भिंतीवरील संगमरवरी पाटीचा उपयोग काय?

यास्तव वसतिगृह समितीकडे आम्ही लेखी सूचना दिल्या आहेत. नव्या मुलांस पहिले तीन महिने स्वतंत्र खोल्या द्याव्या. एक बांधीव नोंदवही ठेवावी, तिच्या पानांवर क्रमांक असावेत, आणि आलेली प्रत्येक तक्रार, तोंडी असली तरी, अधीक्षकांनी त्याच दिवशी तीत लिहून मुलाची सही घ्यावी. कारण कायद्याचे घड्याळ लेखी तक्रारीपासूनच चालू होते आणि आठवी-नववीतील मूल अर्ज लिहीत बसत नाही. दर महिन्यास समितीतील एका सभासदाने, आणि शक्य तर एका भगिनीने, अधीक्षक उपस्थित नसताना मुलांशी बोलावे. ‘ओळखपरेड’ या जूनपासून बंद व्हावी. पहिल्या तीन सूचनांस समितीची अनुकूलता दिसते. चौथीस काही माजी विद्यार्थ्यांचा विरोध आहे. हा प्रश्न पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. ज्यांची मुले तेथे राहतात त्यांनी त्या सभेस अवश्य यावे, आणि विरोध असणाऱ्यांनीही यावे. तक्रारअर्जाचा साध्या मराठीतील नमुना आम्ही तयार करून कार्यवाहांकडे दिला आहे. शाळेसाठीही तो चालेल. संमेलन संपल्यावर प्रवेशद्वाराजवळील टेबलावर त्याच्या प्रती मिळतील.